ज्याचं नाव, त्याच्या टेबलाशी

मिलवॉकी
१६ जुलै २०१२

प्रिय मिस पावलाक,

तुम्ही पेढीतून निवृत्त झालात त्याला दोन वर्षं झाली, पण रस्त्यापलीकडल्या त्या बेकरीवाल्यापासून आमच्या दारवानापर्यंत सगळे अजून तुमची चौकशी करतात. तुमच्या टेबलावर आता बेथनी नावाची मुलगी बसते. हुशार आहे. खुर्ची मात्र तिनं बदलून घेतली, तुमची फार कुरकुरते म्हणे.

पत्राला कारण तसं कामाचंच आहे. दर तिमाहीचा तो वॉशिंग्टनचा फॉर्म ऑगस्टअखेर जायचा आहे. आपल्या घरच्या मूळ कंपनीच्या छत्राखाली ज्या इतर कंपन्या आहेत, त्यांतल्या कोणाच्या अडचणीनं शेअरदलालीच्या पेढीला धक्का बसू शकतो, त्यांची नावं त्यात घालायची असतात, हे तुम्हाला मी काय सांगणार! बेथनीनं परवा विचारलं, "मिस्टर झास्ट्रो, या भावकीतल्या कोणाचं नाव घालायचं आणि कोणाचं नाही, हे कशावरून ठरवता?" मला नीट उत्तर देता आलं नाही. वडिलांच्या वेळी ते कसं ठरत असे? तुम्हाला आठवत असेल तेवढं सवडीनं कळवलंत तर बरं होईल.

बाकी ठीक. गुडघा दुखतो. एप्रिलमधल्या कडाक्यानं तुमच्याकडे चेरीचा सगळा मोहर गेला असं पेपरात वाचलं. तुमच्या अंगणातलं चेरीचं झाड वाचलं का? तिकडे बाकी सगळे कसे आहेत?

तुमचा,
नॉर्बर्ट झास्ट्रो


स्टर्जन बे
२१ जुलै २०१२

नॉर्बर्ट, लबाडा,

माझ्या अंगणात चेरीचं झाड नाही. लायलॅकचं आहे, आणि मी इथे राहायला आले तेव्हा ते तूच लावून गेलास. तू दहा वर्षांचा असताना मी तुमच्या पेढीत लागले. वडिलांच्या टेबलावरची गोळी तोंडात टाकून "मी नाही" म्हणणारा चेहरा मी तेव्हापासून ओळखते. पत्रातसुद्धा ओळखते.

आणि काय रे, वडिलांच्या वेळी कसं ठरत असे हे तू मला विचारतोस? आम्हाला घेऊन जायला गाडी कोण चालवायचं?

पण विचारलंसच आहे तर सांगते. म्हातारीला जुन्या गोष्टी सांगायला लावल्यास, आता भोग.

ब्याण्णव साली तो फॉर्म पहिल्यांदा आला तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. न्यूयॉर्कची कुठलीशी मोठी पेढी तिच्याच भावकीपायी बुडाली होती आणि वॉशिंग्टनला जाग आली होती. तुझ्या वडिलांनी, थोरल्या साहेबांनी, फॉर्म उलटसुलट करून पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "माझ्या मेव्हण्याचं कातडी कमावायचं दुकान कसं चाललंय, याच्याशी या लोकांना काय करायचंय?" मी टाइपरायटरवर कागद चढवून तयार. शेवटी म्हणाले, "लॉरेटा, कोट घाल. राइनहोल्डकडे जायचंय. माणसाचं नाव असल्या कागदात घालायचं, तर त्याच्यासमोर बसून घालावं."

राइनहोल्डमामांच्या स्वयंपाकघरात साहेबांनी तो परिच्छेद मोठ्यानं वाचला. मामींनी माझ्यापुढे आलुबुखारचा केक ठेवला होता. वाचून झाल्यावर मामा म्हणाले, "म्हणजे हर्मन, मी बुडणार असं तू सरकारला कळवतोयस?"

साहेब म्हणाले, "नाही. तू बुडालास तर मी भिजेन, असं कळवतोय."

मामांनी आम्हाला दार दाखवलं. माझा केक अर्धा तसाच राहिला, त्याची हळहळ मला आजही आहे. पण पुढच्या तिमाहीत गेलो तर मामा गळ्यात टाय बांधून बसलेले! टेबलावर नवा कपडा. साहेबांनी वाचलं, मामांनी दोन आकडे दुरुस्त केले, मग कॉफी, मग सही. तेव्हापासून पेढीचा रिवाजच पडला. ज्याचं नाव, त्याच्या टेबलाशी. नियमात असलं काही नाही. वॉशिंग्टनवाल्यांना कळलं असतं तर हसले असते.

मग मामांचं दुकान बंद झालं आणि फॉर्मात तुझ्या भावाचा, डेल्मरचा चेरीचा कारखाना आला. तू, मी आणि साहेब, त्या निळ्या गाडीतून सरोवराच्या कडेकडेनं उत्तरेला. साहेबांना वाटेत दर वेळी त्याच एका ठिकाणी धुरावलेला मासा खायचा असे आणि तुला दर वेळी घाई. डेल्मरची बायको आर्लीन, तिच्या हातचा चेरीचा केक आठवतो ना? डेल्मर तुझ्याहून धाकटा, पण आकडे ऐकताना अगदी साहेबांसारखा भुवई उचलायचा. ते दिवस गेले, नॉर्बर्ट. मला त्यांची फार आठवण येते. इतकी, की नोव्हेंबरातला तिसरा शनिवार आला की मी उगाच कोट काढून ठेवते.

साहेब गेले त्या वर्षी कारखाना आकसला होता, म्हणून तू त्याचं नाव फॉर्मातून काढलंस. नियमात बसत होतं. आता मोहर गेलाय, कारखान्याच्या डोक्यावर कर्ज आहे, कर्जाला मूळ कंपनी जामीन आहे, आणि तुला डेल्मरचं नाव पुन्हा घालावं लागणार आहे. हाच तुझा प्रश्न ना? मग सरळ विचारायचं. चेरीच्या झाडाआडून कशाला?

तो कसा आहे ते मी सांगणार नाही. मी दोन भावांमधली पोस्टमन नाही.

लॉरेटा

ता. क. बेकरी पेढीच्या रस्त्यापलीकडे नाही, मिचेल रस्त्यावर आहे. तिथले पाव तू खात होतास, पत्ता मी सांभाळत होते.


मिलवॉकी
३० जुलै २०१२

प्रिय मिस पावलाक,

तुमचं पत्र मिळालं. पकडला गेलो, कबूल.

आता सरळच लिहितो. नाव घालावं लागणार, यात शंका नाही. कारखाना पडला तर बँक मूळ कंपनीच्या दारात येईल, आणि मूळ कंपनीकडे विकण्याजोगं एकच आहे, ही पेढी. मी सही करणार तो कागद खोटा असून चालणार नाही. इथवर आपलं एकमत आहे.

पण वाचून दाखवण्याचं म्हणाल तर ते माझ्याच्यानं होणार नाही. वडिलांच्या दफनानंतरच्या जेवणात मी म्हणालो होतो की डेल्मरची चेरीची बाग विकून टाकू. वेळ चुकली माझी, पण बोलणं हिशोबाचंच होतं. डेल्मर उठला, कोट घेतला आणि गेला. त्यानंतर नऊ वर्षांत त्याचं नाताळचं कार्डसुद्धा नाही. एका वाक्यासाठी इतका राग? आता मी त्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याला वाचून दाखवू की तू बुडण्याच्या बेतात आहेस? तो म्हणेल, हा बागेचाच विषय घेऊन आला.

शिवाय हा फॉर्म गुप्त असतो. वॉशिंग्टनच्या कपाटात जातो, तो कोणालाही दाखवत नाहीत. डेल्मरला कधी कळणारही नाही. त्याच्या हिशोबनिसानं पाठवलेला एक पानी ताळेबंद माझ्याकडे आहे, त्यावरून बेथनी लिहील, मी सही करीन. रिवाज वडिलांचा होता, वडिलांबरोबर गेला. कोणाचं काही बिघडणार नाही.

तुमचा,
नॉर्बर्ट


स्टर्जन बे
६ ऑगस्ट २०१२

नॉर्बर्ट,

तुझं पत्र वाचून मी आधी भांडी घासली, मग चर्चच्या बागेतलं तण काढलं, मग लिहायला बसले. त्याआधी लिहिलं असतं तर कागद जळला असता.

मी पोस्टमन नाही म्हणाले होते. आज बनते.

डेल्मर तुझ्यावर बागेवरून रागावलेला नाही. त्याला ते वाक्य धड आठवतही नाही. गेल्या हिवाळ्यात चर्चच्या तळघरात शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला आम्ही शेजारी बसलो होतो. त्यानं स्वतःहून सांगितलं. कोणाला सांगू नका असं म्हणाला नाही, म्हणून सांगते.

साहेब ऑगस्टात गेले. नोव्हेंबरातला तिसरा शनिवार आला. आर्लीननं केक केला. डेल्मरनं टेबलावर कपडा घातला आणि तीन खुर्च्या मांडल्या. एक तुझी, एक माझी, आणि एक साहेबांची, रिकामी ठेवायला. त्याला वाटलं, निदान हे तरी चालू राहील. दाढी करून, स्वच्छ सदरा घालून तो खिडकीशी बसला. गाडी आली नाही. बर्फ असेल म्हणाला. पुढच्या शनिवारी पुन्हा बसला. मग त्यानं पेढीत फोन केला. मी जेवायला गेले होते, कोणीतरी नव्या पोरानं उचलला. डेल्मरनं विचारलं, "फॉर्म गेला का?" गेला. "कारखान्याचं नाव आहे त्यात?" पोरानं कागद बघून सांगितलं, नाही.

तू काय केलंस ते मला ठाऊक आहे. कारखाना लहान झाला होता, नियमानं नाव निघत होतं, तू काढलंस. त्याला उगाच त्रास कशाला, असंही तुझ्या मनात असेल. मलाही ते नियमाचंच वाटलं, मीही तुला एका शब्दानं विचारलं नाही. पण डेल्मरला तो फॉर्म साहेबांनी शिकवला होता रे! ज्याच्या पडण्यानं आपण भिजतो, त्याचं नाव. मग नाव काढलं याचा अर्थ त्यानं काय घ्यावा? बाप गेला, आणि पहिल्याच तिमाहीत भावानं कळवून टाकलं की डेल्मर बुडाला तर आपल्याला काही होत नाही. तेही त्याला न सांगता.

"बाग वीक म्हणाला असता तर भांडलो असतो," डेल्मर मला म्हणाला. "पण मोजलंच नाही, तर भांडायचं कशावर?"

नऊ वर्षं तू समजतोयस की तू जास्त बोललास. तू बोललाच नाहीस, हे दुखणं आहे.

आता तो एक पानी ताळेबंद बेथनीकडे दे आणि सही करून मोकळा हो. नाहीतर कोट घाल.

लॉरेटा


मिलवॉकी
२० ऑगस्ट २०१२

प्रिय मिस पावलाक,

शनिवारी जाऊन आलो. तुमच्या दारावरून गेलो पण थांबलो नाही. थांबलो असतो तर तिथूनच परत फिरलो असतो, म्हणून माफ करा.

वाटेत वडिलांच्या त्या दुकानाशी गाडी थांबवली आणि धुरावलेला मासा घेतला. मला तो कधीच आवडला नाही, तुम्हाला ठाऊक आहे. उभ्यानं सगळा खाल्ला. रडू येत होतं आणि हात तेलकट होते, रुमालही काढता येईना.

दार डेल्मरनं उघडलं. केस पांढरे झालेत. माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कागदांकडे बघितलं.

"पेट्रोल संपलं होतं का रे वाटेत?" म्हणाला. "नऊ वर्षं लागली."

मी म्हटलं, "फॉर्म वाचायला आलोय."

"कोणाचं नाव आहे?"

"तुझं."

त्यानं आत जाऊन टेबलावरची वर्तमानपत्रं उचलली. आर्लीननं मला बघून हात पुसले आणि काही न विचारता कपाटातून टेबलाचा कपडा काढला. केक नव्हता. टोस्ट होते.

मी वाचायला लागलो. मी पुटपुटत होतो, तेव्हा डेल्मर म्हणाला, "म्हातारा खणखणीत वाचायचा." मग मी खणखणीत वाचलं. मूळ कंपनी जामीन असलेलं कर्ज, यंदाचं पीक, फेडीची तारीख. दुसऱ्या परिच्छेदाला त्यानं भुवई उचलली. अगदी तशीच.

"ते वाक्य परत वाच."

वाचलं.

"चुकीचं आहे," तो म्हणाला. "तुला पाठवलेला कागद हिवाळ्यातला आहे. मोहर गेल्यावर मी आणखी पैसे उचललेत. कामगार घरी पाठवले असते तर ते दुसरीकडे गेले असते, परत आले नसते. म्हणून पगार चालू ठेवले."

"तारण काय दिलंस?"

आर्लीन कॉफी ओतत होती, ती थांबली. "डेल्मर, काय दिलंस तारण?"

"घर," तो म्हणाला.

मिस पावलाक, आर्लीननं किटली खाली ठेवली आणि ती खुर्चीवर बसली, वडिलांच्या खुर्चीवर. "हे घर? मला एका शब्दानं नाही?"

"कोणी विचारलंच नाही गं," तो म्हणाला. "पूर्वी दर तिमाहीला कोणीतरी येऊन विचारायचं. मग सांगायला लागायचं. सवय गेली."

तुमच्या पत्रातलं मला सगळं बोलायचं होतं, पाठ करून गेलो होतो. तोंडातून एवढंच निघालं की मला वाटलं तुला त्रास नको. तो म्हणाला, "त्रास? अरे, मी खुर्च्या मांडल्या होत्या." आणि मग दोघंही टेबलाच्या कपड्यावरच्या सुरकुत्या सपाट करत बसलो. शेवटी आर्लीन म्हणाली, "रडायचं असेल तर रडा, पण मग ते आकडे नीट लिहा." तिच्या तोंडून तुम्हीच बोलताय असं वाटलं.

समासात पेन्सिलीनं खरे आकडे लिहिले, त्यानं सांगितले तसे. बेथनीनं ताळेबंदावरून लिहिलं असतं आणि मी सही केली असती, तर तो कागद खोटा ठरला असता. आता खरा आहे आणि फार वाईट दिसतो. वॉशिंग्टनहून फोन येणार, बँकेशी बोलावं लागणार. पेढी वाचते की नाही, सांगता येत नाही. पण मी गेली नऊ वर्षं झोपलो नसेन इतका गाढ झोपलो.

तुमचा,
नॉर्बर्ट


स्टर्जन बे
२ सप्टेंबर २०१२

नॉर्बर्ट,

माझ्या दारावरून गाडी गेलेली मी पाहिली. हॉर्न वाजवला नाहीस ते लक्षात ठेवलंय.

फॉर्म गेला असेल. आता येईल ते येईल. साहेबांचं सरोवराकाठचं घर विकायची वेळ आली, तर माझ्याकडे बघून अडू नका. तिथे मी टाइप करायला शिकले आणि एकदा बोटीतून पाण्यात पडले, दोन्ही आठवणी माझ्या मालकीच्या आहेत, त्या घराबरोबर जात नाहीत.

डेल्मर काल बाजारात भेटला. तुझं नाव काढलं नाही. पण टेबलाचा कपडा इस्त्रीला देत होता.

लॉरेटा


मिलवॉकी
१८ नोव्हेंबर २०१३

प्रिय मिस पावलाक,

तुमची शस्त्रक्रिया नीट झाली हे आर्लीनकडून कळलं. पुढल्या वेळी गाडीत मागची सीट तुमची, पाय लांब करून बसा.

वर्ष कसं गेलं ते तुम्ही पाहिलंच आहे. वॉशिंग्टनहून फोन आला तेव्हा त्या बाईनं विचारलेल्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर माझ्याकडे होतं, कारण ते डेल्मरनं स्वतः सांगितलेलं होतं. सरोवराकाठचं घर गेलं. आम्ही दोघांनी एकाच पेनानं सह्या केल्या आणि नंतर दारात उभं राहून पुष्कळ वेळ घालवला. तुम्ही पडलात ती बोट डेल्मरनं ठेवून घेतली आहे. त्या पैशावर बँक थांबली. आणि मग यंदाचा जुलै! चेरींच्या भारानं फांद्या टेकू लावूनसुद्धा उभ्या राहीनात, कारखाना दोन पाळ्यांत चालला, आर्लीनचं घर सुटलं. पेढी वाचली. बेथनीला तुमची कुरकुरती खुर्ची आता परत हवी आहे, पाठीला बरी असते म्हणे.

गेल्या आठवड्यात तिनं फॉर्म समोर ठेवला. कर्ज इतकं उतरलंय की नियमानं कारखान्याचं नाव आता त्यात बसत नाही. "काढू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काढ.

शनिवारी गाडी काढली. तिसरा शनिवार होता. पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. मासा घेतला, अर्धा गाडीत ठेवला डेल्मरसाठी.

टेबलावर कपडा होता. केक होता. डेल्मरनं स्वच्छ सदरा घातला होता आणि चष्मा पुसून बसला होता. मी पहिल्या पानापासून वाचायला लागलो, खणखणीत. भावकीचं पान आलं, ते वाचलं. संपलं.

तो थोडा वेळ थांबला, मी आणखी वाचीन म्हणून.

"माझं नाव?"

"या वेळी नाही आलं."

"मग एवढ्या बर्फातून आलास कशाला?"

"तेच सांगायला," मी म्हटलं.

त्यानं चष्मा काढला, पुन्हा पुसला आणि आर्लीनला म्हणाला, "केक काप. मोठा तुकडा त्याला."

तुमचा,
नॉर्बर्ट